शोलाच्या कडेकडेनं: उटी ते वट्टवडा, पाच दिवस

दक्षिणेकडच्या घाटमाथ्यावर साधारण 1,700–1,800 मीटरच्या वर गेलं की जंगल डोंगराच्या घळींत जाऊन बसतं आणि उतार, सोंडा, माथे सगळे गवताकडे जातात. घळीतलं ते बुटकं, सदाहरित, शेवाळलेलं रान म्हणजे शोला. रान आणि गवत यांच्यामधली सीमा बघितली की कुणीतरी कुंपण घालून दिलंय असं वाटावं, इतकी ती ठळक असते. महाराष्ट्रात हे दृश्य नाही, कारण आपलं कळसूबाईच 1,646 मीटरवर संपतं. कासचा सडा किंवा पाचगणीचं टेबललँड जांभ्या कातळावरचं आहे, तिथली झाडं विरळ का याचं कारण वेगळं.

हा सगळा फेरा एकच गोष्ट नीट बघण्यासाठी आहे. हे गवत म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते मुळातच गवत आहे, आणि 'ओसाड जमीन हिरवी करू' म्हणून लावलेल्या झाडांनी त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल.

जायचं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पण पोंगलचे दिवस सोडून. त्या आठवड्यात उटी आणि मुन्नारमध्ये पाय ठेवायला जागा नसते. याच काळात रात्री दव गोठतं आणि गवत वाळून सोनेरी होतं, त्यामुळे शोलाची कड लांबूनही स्पष्ट दिसते. उशीर केला तर मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान हुकतं, कारण निलगिरी ताहरच्या (कड्यांवर राहणाऱ्या रानबकरीसारख्या प्राण्याच्या) विणीसाठी ते दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. पिल्लं लवकर दिसली तर जानेवारीतच दार लावलं जातं, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. निलगिरी जिल्ह्यात बाहेरच्या खासगी गाडीला मे 2024 पासून ई-पास लागतो. तो ऑनलाइन काढून मोबाइलवर ठेवावा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या जिल्ह्यात चालत नाहीत, नाक्यावर काढून घेतात. स्टीलची बाटली, कानटोपी, हातमोजे आणि दोन साधे थर्मामीटर घ्या. थर्मामीटर कशाला, ते पुढे येईलच.

दिवस पहिला: कोइमतूर ते उटी, आणि पैकाराचा रस्ता

मेट्टुपाळयमहून घाट चढताना दर शंभर मीटरला तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशानं उतरत जातं. कुन्नूरच्या पुढे दोन्ही बाजूंना चहामळे. नवख्या माणसाला इथून पुढे सगळंच 'हिरवंगार' वाटतं. पहिल्या दिवसाचं काम म्हणजे हे हिरवे रंग वेगळे करायला शिकणं.

दोड्डाबेट्टाला (2,637 मीटर) जाऊन चहूकडे पाहा. निळसर-राखाडी झाक असलेले उंच, सरळसोट खांब म्हणजे युकॅलिप्टस. काळपट, एकसारखा, टोकदार पट्टा म्हणजे पाइन. पिसांसारख्या बारीक पानांची, मळकट हिरवी, दाट झाडी म्हणजे वॅटल, ऑस्ट्रेलियातून आणलेली अ‍ॅकेशिया. आणि घळीत ज्या झाडांचे माथे गोल, एकमेकांना चिकटलेले दिसतात, ज्यांत मधूनच तांबूस-लाल कोवळी पालवी असते, तो शोला. तो सहसा पंधरा मीटरच्या वर जात नाही. हा फरक एकदा डोळ्यात बसला की धक्का बसतो तो प्रमाणाचा. उटीच्या आसपास जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं बाहेरून आणलेलं आहे आणि ते जिथे उभं आहे तिथे पूर्वी जंगल नव्हतं, गवत होतं.

सुरुवात 1840 च्या दशकात झाली, वाढत्या इंग्रजी वसाहतीला जळण हवं म्हणून. मोठ्या प्रमाणावर लागवड मात्र स्वातंत्र्यानंतरची: युकॅलिप्टस रेयॉनच्या लगद्यासाठी, वॅटल कातडी कमावायला लागणाऱ्या टॅनिनसाठी, कारण त्याच्या सालीत ते भरपूर असतं. गवताळ माळ सरकारी नोंदीत 'पडीक' होता, त्यामुळे कुणाला काही तोडल्यासारखं वाटलंच नाही.

दुपारी पैकाराच्या रस्त्याला लागा. वाटेत वेनलॉक डाउन्सचे लाटांसारखे माळ लागतात, आणि त्याच बाजूला सँडीनल्लाचं खोरं. दिसायला अगदी साधं: सपाट तळ, ओलसर जमीन, आजूबाजूला गवत. पण इथल्या दलदलीत पीट साचलेलं आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे काळे थर, वर्षानुवर्षं एकावर एक. गवतं आणि झाडं प्रकाशसंश्लेषण वेगवेगळ्या पद्धतीनं करतात. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-4 पद्धतीची, झाडं सी-3 पद्धतीची, आणि दोन्हींच्या ऊतींत कार्बनच्या जड व हलक्या समस्थानिकांचं (म्हणजे वजनानं वेगळ्या अणूंचं) प्रमाण वेगळं राहतं. पीटच्या प्रत्येक थराचं वय काढून हे प्रमाण मोजलं की त्या काळी आसपास काय उगवत होतं ते कळतं. भारतीय विज्ञान संस्थेतले रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 'नेचर'मध्ये हा अभ्यास मांडला. वीस हजार वर्षांमागे, शेवटच्या हिमयुगाच्या थंड-कोरड्या काळात, इथे सी-4 गवतांचंच राज्य होतं. पुढे, साधारण 11 हजार वर्षांमागे, मॉन्सून जोरदार झाला तेव्हा सी-3 वनस्पतींचं प्रमाण वाढलं. हवामान बदलेल तशी सीमा पुढे-मागे सरकत राहिली. माणसानं शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून हे गवत इथे आहे. 'जंगल तोडून माळ झाला' हा समज या एका काळ्या चिखलानं मोडीत काढला.

दलदलीत पाय घालू नका. पीट दबला की पाणी वाहून जायला वाट मिळते आणि तो भाग सुकायला लागतो.

संध्याकाळी मुक्कामी थर्मामीटरचं काम. दोन्ही थर्मामीटर आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्या. स्वस्त यंत्रांत एखाद-दीड अंशाचा फरक सहज निघतो. मग आवारातल्या उघड्या गवतात एक जमिनीपासून चार बोटांवर ठेवा आणि दुसरा काठीला छातीच्या उंचीवर बांधा. किमान तापमान धरून ठेवणारे असतील तर उत्तम, नाहीतर उजाडायच्या आत उठून वाचावे लागतील. भिंतीजवळ, गाडीखाली किंवा झाडाच्या फांदीखाली ठेवलं तर आकडा फसवतो, कारण दिवसभर तापलेली भिंत आणि डोक्यावरची फांदी रात्री उष्णता परत देते. आभाळ असेल किंवा वारा असेल त्या रात्री प्रयोग करण्यात अर्थ नाही.

दिवस दुसरा: दव का गोठतं, आणि अवलांची

रात्र निरभ्र असेल तर गवतातला पारा वरच्यापेक्षा काही अंशांनी खाली सापडतो. छातीच्या उंचीवर तीन-चार अंश असताना खाली शून्य किंवा त्याहून कमी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात त्याही याच कारणानं: उघडी जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि खोलगट भागात उतरून साचते. फरक एवढाच की इथे हे क्वचित घडत नाही, डिसेंबर ते फेब्रुवारी पुन्हा पुन्हा घडतं.

या एका गोष्टीवर गवत आणि शोला यांची वाटणी बरीचशी अवलंबून आहे. शोलाच्या आत झाडांचं छत उष्णता अडवतं, त्यामुळे आत पारा तेवढा उतरत नाही. तिथल्या झाडाचं बी पक्ष्यानं नेऊन गवतात टाकलं, ते पावसात रुजलंही, तरी पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात कोवळा शेंडा जळतो. गवताचं मात्र तसं नाही. ठोंबाचा वाढणारा कोंब जमिनीलगत, जुन्या वाळक्या पानांच्या वेष्टनात असतो. मुक्कामाच्या आवारातला एखादा ठोंब बोटांनी फाकवून पाहा: बाहेर राखाडी, करकरीत वाळलेले थर, त्यांच्या आत ओलसर, फिकट हिरवा कोंब, अगदी सुखरूप. वरचं सगळं दवानं करपलं किंवा आगीत गेलं तरी पहिल्या पावसाला तो वर येतो.

हा वाद जुना आहे. 1938 मध्येच सी. आर. रंगनाथन यांनी गोठलेल्या दवामुळे गवत टिकतं असं मांडलं आणि त्याच वर्षी एन. एल. बोर यांनी आग आणि चराई हे कारण पुढे केलं. पुढे अतुल जोशी, जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांनी प्रत्यक्ष रोपं लावून मोजमापं केली. उघड्या गवतात हिवाळी रात्रींत शोलाची रोपं तग धरत नाहीत, वॅटल मात्र बऱ्यापैकी धरतं, असं त्यांना दिसलं. आता रात्री थोड्या जरी उबदार झाल्या तरी फायदा कुणाचा होणार हे सांगायला नको. आगीचा वाटा नाहीच असंही नाही. दव रोप मारतं, आग उरलेलं साफ करते, आणि दाट गवत नव्या बियाला मातीपर्यंत पोचू देत नाही. तिन्ही गोष्टी मिळून काम करतात.

सकाळी लवकर अवलांचीकडे निघा. उटीहून तासा-सव्वा तासाचा रस्ता आहे. पुढचा भाग वनखात्याच्या गाडीतूनच बघता येतो, स्वतःची गाडी नेता येत नाही. मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान (78 चौ. किमी) पर्यटकांसाठी एरवी खुलं नाही, त्यामुळे दलालाच्या आश्वासनावर पैसे देऊ नका. गाडी थांबते तिथेच शोलाच्या कडेला उभं राहून आत डोकावलं तरी पुष्कळ आहे. बाहेर पायाखाली कोरडं गवत आणि चेहऱ्यावर वारा. दहा पावलं आत गेलं की वारा थांबतो, खोडांवर हाताएवढं जाड शेवाळ, जमीन भिजलेली. जांभळाच्या कुळातली, चाफ्याच्या आणि दालचिनीच्या नात्यातली झाडं इथे दाटीनं उभी असतात. कडेबाहेर, एकट्यानं गवतात उभं राहण्याची ताकद असलेलं झाड एकच ठळक दिसतं: ऱ्होडोडेंड्रॉन. साल जाड, फांद्या वेड्यावाकड्या, आणि जळलं तरी बुडातून फुटणारं. जानेवारीत त्याला लाल फुलं यायला लागलेली असतात.

उताराच्या अगदी तळाशी, जिथे पाणी साचतं, तिथे पुन्हा झाड नाही. तिथे दलदल. या भागात पाऊस किती पडू शकतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: ऑगस्ट 2019 मध्ये अवलांचीला एका दिवसात 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. एरवीच्या मोसमात गवताची दाट मुळं आणि पीटचे थर पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यातही हळूहळू सोडतात. भवानी, मोयार यांचं पाणी इथून सुरू होतं. वॅटलच्या रानातले झरे आटल्याची तक्रार गावागावांत ऐकू येते, आणि तिला कारण आहे. वर्षभर हिरवं राहणारं झाड वर्षभर पाणी ओढतं. गवत कोरड्या दिवसांत वाळून गप्प बसतं.

या माळांवर तोडा लोकांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरत आल्या आहेत. मुंड म्हणजे तोडांची वस्ती, अर्धगोल छताच्या घरांची. घरांचं आणि देवळांचं छत शाकारायला दलदलीतलं गवत लागतं. दलदल संपली की ते गवत संपतं आणि देऊळ शाकारणं अवघड होऊन बसतं. मुंडात न विचारता शिरू नका, आणि देवळाच्या आवाराबाहेरच थांबा.

दिवस तिसरा: खिंड ओलांडून चिन्नारमार्गे वर

पूर्ण दिवस प्रवासाचा. उटीहून उतरून कोइमतूर, पोल्लाची, उडुमलपेट. मध्ये पालक्काड खिंड लागते, घाटाच्या रांगेतली साधारण 30 किमी रुंद फट. गाडीतल्या माणसाला ती सपाट शेती वाटते, पण 1,800 मीटरवर राहणाऱ्या पक्ष्यासाठी तो समुद्रच आहे. म्हणून शोलातले छोटे गाणारे पक्षी खिंडीच्या उत्तरेला एका जातीचे, दक्षिणेला दुसऱ्या. निलगिरी शोलाकिळी आणि पांढऱ्या पोटाची शोलाकिळी ही त्यातली ठळक जोडी.

उडुमलपेटच्या पुढे चिन्नार. हा पर्जन्यछायेचा भाग: काटेरी झुडपं, वर्षाला जेमतेम 500 मिमी पाऊस. मरयूरला चंदनाची राखीव रानं, मग चहा, आणि वर पाच हजार मिमीच्या घरातला पाऊस झेलणारे एराविकुलमचे पश्चिम उतार. एका दुपारच्या प्रवासात एवढा फरक बघायला मिळतो. रस्ता हत्तींचा आहे, अंधार पडायच्या आत चेकपोस्ट पार करा.

दिवस चौथा: एराविकुलम

तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली बस पकडा. दहानंतर धुकं वर चढतं, गर्दीही. बस राजमलापर्यंत सोडते, पुढे डांबरी रस्त्यानं चालायचं. 97 चौ. किमीच्या या उद्यानाला 1975 मध्ये अभयारण्याचा आणि 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अनामुडी (2,695 मीटर) समोरच असते, पण तिच्यावर जायला परवानगी नाही.

निलगिरी ताहर इथे हमखास दिसतो, रस्त्याच्या कडेला चरताना. जगात सर्वांत जास्त संख्येनं तो याच उद्यानात आहे. म्हाताऱ्या नराच्या पाठीवर फिकट, खोगिरासारखा पट्टा असतो. त्याला हिमालयी ताहरचा भाऊ समजत. 2005 मध्ये जनुकीय अभ्यासानंतर तो मेंढ्यांच्या जास्त जवळचा ठरला आणि त्याच्यासाठी स्वतंत्र 'जीनस' (जवळच्या जातींचा गट) केला गेला. त्याला दोनच गोष्टी लागतात: चरायला उघडं गवत आणि पळायला कडा. कळप कड्यापासून फार लांब जात नाही. दोन माथ्यांमधल्या गवतात वॅटल शिरलं की चारा जातोच, शिवाय बिबट्याला लपायला आडोसा मिळतो, आणि दोन्हीकडचे कळप एकमेकांपासून तुटतात. त्याला काहीही खायला देऊ नका. माणसाची सवय लागलेला ताहर कड्याकडे पळायचं विसरतो.

ताहर सगळेच बघतात, म्हणून गवताकडेही जरा खाली वाकून पाहा. ओल्या जागी, दगडांच्या आडोशाला, ड्रॉसेरा सापडतो, आपल्या कासवरच्या दवबिंदूचा नातलग. पानांवरच्या चिकट थेंबांत माशी अडकलेली दिसेल. इथली माती नायट्रोजनला गरीब, म्हणून ही किडे धरायची पद्धत. उतारांवर कमरेएवढी, पानांना जाळीदार शिरा असलेली झुडपं म्हणजे नीलकुरिंजी. ती 12 वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. 2006 आणि 2018 मध्ये फुलली, आता 2030. आपली कारवी आठ वर्षांनी फुलते तीच रीत, एकाच कुळातल्या दोन बहिणी. जानेवारीत फूल दाखवतो म्हणणारा गाइड दुसरंच काहीतरी दाखवतो.

गवतातून तुरुतुरु चालत जाणारा, अंगावर तपकिरी रेघा असलेला पक्षी बहुधा निलगिरी पिपिट. तो या उंचीवरचं गवत सोडून कुठेही राहत नाही. अनामुडीच्या माथ्यावरचा झगमगत्या नारिंगी रंगाचा बेडूक मात्र आपल्याला दिसणार नाही. 2010 मध्ये वर्णन झालेल्या या जातीचं सारं जग तीन चौ. किमीहूनही कमी माथ्यावर सामावलेलं आहे. पाय इतके आखूड की तो उडी न मारता सरपटतच जातो, आणि राहतो गवताच्या ठोंबांच्या बुडाशी. 'गवतच तर आहे' म्हणणाऱ्याला सांगायला हे एक उदाहरण पुरे.

रस्त्यालगत डोंगरावर गवत कापून-जाळून मोकळे ठेवलेले पट्टे दिसतील. त्या जाळरेषा. इथे हिवाळ्याच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, छोटे तुकडे मुद्दाम जाळायची पद्धत आहे. मुथुवन समाजाच्या राखणदारांना वारा आणि उतार कसा वाचायचा हे ठाऊक असतं. अशी आग थंड असते, वरच्यावरच जळते आणि ताहरला कोवळा चारा देते. मार्चमधला वणवा वेगळा: तो शोलाच्या कडेत घुसतो, आणि शोला जळला की त्या जागी नेचे आणि वॅटलच आधी येतात.

दिवस पाचवा: पाम्पाडुम शोला, वट्टवडा, पळत्तोट्टम

मुन्नारहून वट्टवडा 45 किमी, पण रस्ता अरुंद, दोन तास धरा. टॉप स्टेशनवरून पूर्वेला पळणीच्या रांगा दिसतात. उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासात 1973 ते 2014 या काळात पळणी पर्वतातलं जवळपास दोन तृतीयांश गवत गेलेलं आढळलं. लागवडीखाली, शेतीखाली आणि लागवडीतून पसरलेल्या वॅटलखाली. पुढे पाम्पाडुम शोला राष्ट्रीय उद्यानातून रस्ता जातो. इथे थांबायला बंदी आहे, ती पाळा.

पळत्तोट्टम अनामुडी शोला राष्ट्रीय उद्यानात येतं. वॅटलच्या रानाला 2019 मध्ये आग लागली आणि त्यानंतर वनखात्यानं स्थानिक लोकांना बरोबर घेऊन तिथे गवत परत आणायला घेतलं. आत जायला परवानगी लागते, पण जे काम चालतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण नुसतं झाड तोडून काही होत नाही.

वॅटल शेंगांतून भरपूर बी टाकतं आणि त्या बियांचं कवच टणक, त्यामुळे ते मातीत दशकानुदशकं जिवंत पडून राहतं. आग लागली किंवा ऊन थेट मातीवर पडलं की कवच फुटतं आणि एकदम गालिचा उगवतो. म्हणजे तोडणं आणि जाळणं हेच त्याचं पेरणीचं काम. शिवाय वॅटलच्या दोन जाती इथे आहेत आणि त्यांचं वागणं वेगळं. काळा वॅटल मुख्यतः बियांतून येतो. रुपेरी वॅटल मुळांतून फुटतो. एक खोड कापलं तर भोवती डझनभर धुमारे. पहिल्याला वर्षानुवर्षं उपटत राहावं लागतं, दुसऱ्याला मुळासकट काढावं लागतं. कुठला आहे हे न बघता कुऱ्हाड चालवली तर रान दुप्पट दाट होतं.

क्रम साधारण असा. झाडं काढून फांद्या उताराला आडव्या रचायच्या, म्हणजे पहिल्याच पावसात माती वाहून जात नाही. तोवर शेजारच्या शाबूत माळावरून आणलेल्या गवताच्या ठोंबांची रोपवाटिका तयार ठेवायची. ठोंब फोडून मुळांसकट जुड्या करायच्या आणि मॉन्सूनच्या सुरुवातीला लावायच्या. उशीर झाला तर मुळं धरायच्या आत थंडी येते. एकाच जातीचं गवत लावून भागत नाही. मूळ माळावर अनेक जाती मिसळून असतात. मग खुरपणी. वॅटलचं रोप बोटभर असताना, माती ओली असताना हातानं सहज निघतं. गुडघ्याएवढं झालं की मूळ तुटतं आणि खालून पुन्हा येतं. हीच पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि हीच नेहमी सुटते, कारण निधी दोन-तीन वर्षांचा असतो आणि मातीतलं बी काही दशकांचं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जुन्या, दाट, आग न लागलेल्या लागवडीखाली काही ठिकाणी शोलाची रोपं आपोआप वाढत आहेत; कोडाईकनालच्या बाजूला हे स्पष्ट दिसतं. वरचं परकं छत त्यांना दवापासून वाचवतं. तिथे सरसकट तोड केली तर उगवता शोलाही जाईल आणि गवतही येणार नाही. म्हणून आधी वाचवायचं ते आजही शाबूत असलेलं गवत, आणि त्याच्या कडेला नुकतं शिरलेलं, विरळ, कोवळं वॅटल. तिथे कमी हातांत जास्त जमीन सुटते. पन्नास वर्षांची दाट लागवड शेवटी.

वट्टवडातून परत निघताना दुपारचे तीन वाजू देऊ नका. संध्याकाळी टॉप स्टेशनच्या अलीकडे धुकं रस्त्यावरच उतरतं. इथला पहाडी लसूण आणि बटाटा रस्त्याकडेलाच मिळतो. उद्यानाच्या हद्दीत वॅटलचं रोप दिसलं तरी स्वतःहून उपटू नका, तो गुन्हा ठरतो. मदत करायची असेल तर गवत लावण्याच्या आणि खुरपणीच्या मोसमात, जून-जुलैत, वनखात्याकडे स्वयंसेवक म्हणून विचारणा करा. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि सोबत मीठ-तंबाखूची पुरचुंडी तेव्हा लागेल.